अपडेटनंतर हरवलेले वायफाय

प्रश्न : मी नौपाड्यात राहते. निवृत्तीनंतर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स वापरू लागले आहे. गेल्या महिन्यात अपडेट केल्यावर वायफाय बंद पडले. भाच्याने सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडून दिला, तेव्हा ते परत आले. चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, बंदिस्त असल्यामुळे असे होते आणि बंदिस्त काहीही मशिनवर ठेवूच नये, असे तो म्हणतो. ज्या प्रणालीचा सगळा कोड उघडा, तिच्यात असे बंद डबे येतातच कसे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : भाच्याचे निदान बरोबर आहे, पथ्य मात्र त्याने जरा कडक सांगितले आहे.

कर्नलची अंतर्गत रचना सतत बदलत असते आणि ती स्थिर ठेवण्याचे वचन लिनक्सच्या विकसकांनी कधीच दिलेले नाही. रचना बदलताना कर्नलसोबत येणारे सर्व ड्रायव्हर तेच दुरुस्त करतात. ज्याचा कोड त्यांच्या हाती नाही, तो जुन्याच रचनेला धरून बसतो आणि एखाद्या अपडेटला मोडतो. असा ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, असा शेरा मारून ठेवतो आणि मग तुमच्या तक्रारीकडे विकसक सहसा लक्ष देत नाहीत, कारण दोष कोणाच्या कोडमध्ये आहे हे तपासण्याची सोयच त्यांना नसते. पुढच्या अपडेटच्या वेळी पडद्यावर सरकणाऱ्या ओळींत ‘डीकेएमएस’ हा शब्द दिसतो का पाहा. बंद ड्रायव्हरला कर्नलशी जोडणारे उघडे वेष्टन नव्या कर्नलसाठी बहुधा तिथेच नव्याने बांधले जाते. तिथे ‘एरर’ आला, तर वायफाय जाणार हे रीस्टार्ट करण्याआधीच कळते.

आता पथ्याविषयी. ड्रायव्हर कर्नलच्या आत, सर्व अधिकारांनिशी चालतो. फर्मवेअर, म्हणजे चिपला स्वतःला लागणारा प्रोग्रॅम, चिपच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालते. बहुतेक वायफाय चिपना ते दर वेळी सुरू होताना कर्नलकडून मिळावे लागते आणि ते जवळजवळ नेहमी बंदिस्तच असते. तत्त्वाच्या बाबतीत हट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेबियन या लिनक्स-वितरणाने 2022 मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतले आणि जून 2023 मधल्या डेबियन 12 पासून ते मिळू लागले. त्याआधी वायफायचे फर्मवेअर उतरवण्यासाठी आधी इंटरनेट हवे, असा पेच अनेकांपुढे पडत असे. ओपनबीएसडी ही लिनक्सहून वेगळी, पण उघड्या कोडचीच प्रणाली तर कर्नलमध्ये बंद ड्रायव्हरला थाराच देत नाही, पण वाटपाची मुभा असलेले फर्मवेअर चालवून घेते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला ही तडजोडही मान्य नाही. मला मात्र ओपनबीएसडीने आखलेली रेघ योग्य वाटते.

कंपन्या व्यावसायिक गुपिते आणि इतरांकडून परवान्यावर घेतलेला कोड अशी कारणे देतात. ती अगदीच खोटी नाहीत, पण एएमडीने 2007 पासून आपल्या ग्राफिक्स चिपची माहिती खुली करायला सुरुवात केली आणि एनव्हिडियानेही मे 2022 मध्ये कर्नलमधला भाग उघडा केला (कर्नलबाहेरचा मोठा भाग अजून बंदच आहे), तेव्हा ‘जमतच नाही’ हे पालुपद आता पटत नाही.

तुम्ही जुन्या कर्नलवर फार दिवस राहू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला मिळत नाहीत. तुमच्या चिपसाठी कर्नलमध्येच उघडा ड्रायव्हर आला आहे का, हे भाच्याला पाहायला सांगा. नसेल, तर यूएसबी वायफाय डोंगल घेणे सोपे पडेल. गोखले रोडवरच्या एखाद्या दुकानात गेलात, तर खोक्यावरच्या ‘लिनक्स सपोर्ट’ या शब्दांवर विसंबू नका, आतल्या चिपचे नाव विचारा; आणि तेच मॉडेल ‘व्ही 2’ म्हणून हाती आले, तर पुन्हा विचारा, कारण आवृत्ती बदलताना कंपन्या चिपही बदलतात.