शाळेच्या निरोप समारंभासाठी स्वतःचं गाणं कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय की दहावीच्या निरोपाला दरवर्षीचं सिनेमातलं गाणं नको, वर्गाने स्वतःचंच लिहायचं ठरवलंय, पण दोन ओळींपुढे काही सुचत नाहीये. आमच्या बॅचने हाच उद्योग केला होता, म्हणून सांगतो. शाळा परळला, रेल्वेच्या रुळांना लागून.

पहिल्या आठवड्यात आमच्या वहीत पाखरं, घरटं, आसवं आणि ज्ञानमंदिर एवढंच जमलं. मराठीच्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "बरंय रे, पण यात आपली शाळा कुठाय?" मग त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायला लावली: फक्त आपल्याच शाळेत होतं असं काहीतरी. अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर लोकल निघाली. शिकवताना फास्ट गाडी आली की बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या. "समास म्हणजे..." धडधड, धडधड, सगळा वर्ग गप्प, आणि गाडी गेली की पुढचा शब्द. पाच वर्षं हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात लिहिण्यासारखं काही आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्हीही आधी चिठ्ठ्या गोळा करा. यमकं नंतर.

साच्यासाठी लांब जायची गरज नाही. अभंग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेत. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. गंभीर विषयच हवा असं काही नाही. हे आत्ता लिहिता लिहिता जुळवलं:

घंटेच्या आधीच
संपलेला डबा
बाकावर उभा
अख्खा वर्ग

यमक थोडं लंगडं आहे, चालतं. बोटांवर मोजता येतं, त्यामुळे ज्याला कविता म्हटलं की झोप येते तोसुद्धा एक कडवं करून आणतो. आमच्यात सगळ्यात चांगलं कडवं शेवटच्या बाकावरच्या मुलाने आणलं होतं.

आता चालीचं. इथे आमची वाट लागली होती. पेटीवर काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून दिवाळीनंतर सराव सुरू केला आणि मधे पूर्वपरीक्षेमुळे महिनाभर बंद ठेवला. तेवढ्यात निम्म्या मुलांचे आवाज फुटले! वरच्या सापर्यंत गेलं की कोंबडा आरवल्यासारखं व्हायचं. शेवटी काळी दोनवर उतरलो आणि वर जाणारी ओळच काढून टाकली. चाळीस जण एकत्र गाणार असतील तर चाल मधल्या सप्तकात सा ते ध एवढ्यातच फिरवा. भूप राग त्यासाठी सोयीचा: सा रे ग प ध, पाचच स्वर, म आणि नि यांची भानगड नाही. मैफल भैरवीने संपवतात म्हणून निरोपाला भैरवी घ्या असं कुणीतरी हमखास सुचवेल. तिच्यात रे, ग, ध, नि चारही कोमल, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित उतरलेले, न शिकलेल्या गळ्यांना ते धड लागत नाहीत. ताल केरवा ठेवा, आठ मात्रांचा. ढोलकी नसली तरी बाकावर वाजतो.

शिक्षकांची नावं गाण्यात घालू नका. आम्ही घातली. चालीत बसेनात म्हणून दोन नावं गळली, शिपाईमामा तर आठवलेच नाहीत. मामा कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलत होते, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. ते अजून टोचतं. त्यापेक्षा मामांची घंटा घाला, पायऱ्यांवरच्या बाईंच्या चपलांचा आवाज घाला. ज्याचं त्याला कळतं.

वेळेचा अंदाज घ्या. २०२५ साली बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, त्यामुळे जानेवारीत कुणाकडून काही होत नाही. शब्द दिवाळीच्या सुट्टीत पक्के करा. ध्रुवपद आणि तीन कडवी पुष्कळ झाली.

आणि आमची लोकल? ती शब्दांत बसली नाही. तिसऱ्या कडव्यात एका ओळीच्या मध्येच सगळे थांबायचो, पूर्ण आठ मात्रा, फक्त बाकावर बोटं वाजायची. मग पुढचा शब्द. पहिल्या रांगेत बसलेल्या बाई तेवढ्या वेळात आधी गोंधळल्या, मग खिडकीकडे बघायला लागल्या.

चिठ्ठ्यांतून काय निघालं ते इथे लिहा, अक्षरं मोजायला मदत करतो.