पील पार्लरमध्ये करू की डॉक्टरकडे जाऊ?

ताई, मी कळव्याला राहते, वय 34. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलेत, बाळ आठ महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं. आमच्या पार्लरवाल्या काकी म्हणतात पाच सिटिंग पील कर, सगळं जाईल, क्लिनिकपेक्षा निम्म्यात. नणंदेचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. काय करू?

— एक वाचक, कळवा

अगं, काकींकडे थ्रेडिंग कर, क्लीनअप कर, साधं फेशियल कर, बिनधास्त. पण पील म्हणजे फेशियल नव्हे गं, ते अ‍ॅसिड असतं, कातडीचा वरचा थर सोलतं, आणि ग्लायकॉलिक असेल तर वेळेवर न्यूट्रलाइझ करावं लागतं, म्हणजे त्याचा असर थांबवावा लागतो, नाहीतर ते आत जातच राहतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जरासं भाजलं तरी तिथे काळं पडतं. माझं झालंय हे, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय. घोडबंदर रोडला एका स्पामध्ये मुलीने ब्रशने पील लावलं, बाटलीवर लेबलसुद्धा नव्हतं, आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली, मी जळतंय जळतंय करतेय आणि दुसरी म्हणते मॅडम, काम करतंय ते! जबड्याजवळचा तो डाग जायला वर्ष गेलं, तेही शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊनच.

वांग हॉर्मोन्समुळे येतात, उन्हाने वाढतात, त्यामुळे सनस्क्रीन नसेल तर पाच काय दहा सिटिंग केलीस तरी परत येतील. आणि लग्नाच्या तोंडावर पहिलंच पील तर अजिबात नको, डॉक्टरांकडेही नको, सालं निघाली, लाल झालं तर फोटोत काय करशील? आत्ता फक्त सनस्क्रीन लाव, थोडा मेकअप कर, छान दिसशील.

क्लिनिकची पाटी चकचकीत आहे म्हणून आत शिरू नकोस हं. एमबीबीएसनंतर त्वचारोगातलं एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही आहे का बघ, कॉस्मेटॉलॉजीचा नुसता कोर्स केला म्हणजे स्किनचा डॉक्टर होत नाही, आणि रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर तपास. पील नक्की कोण लावणार हेही विचार. पैशांचं म्हणशील तर तुझ्या कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, तिथे स्किनची ओपीडी आहे, आधी तिथे दाखव.

आणि आत गेल्या गेल्या पहिलं हे सांग की बाळ अंगावर पितंय, कारण वांगांवरची काही क्रीम्स त्या काळात देत नाहीत.