ऑटो स्टार्ट-स्टॉप कायमचं बंद का होत नाही?

गाडी सुरू केली की रोज आधी स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद करा, मग लेन असिस्ट (गाडी लेनबाहेर जायला लागली की सावध करणारी सोय), मग वेगमर्यादेची टुणटुण. हे एकदाच करून सुटका होत नाही का, असं तुम्ही विचारलंय. काही बाबतीत होते, काही बाबतीत मुद्दामच होऊ दिलेली नसते.

स्टार्ट-स्टॉप चालू धरून कंपनीने इंधन किती लागतं याचा अधिकृत आकडा मिळवलेला असतो, म्हणून गाडी दर वेळी त्याच अवस्थेत सुरू होते. वेगमर्यादेच्या सूचनेचंही तेच. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीत ती सक्तीची आहे. बंद करता येते, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा हजर. नियमच तसा आहे, सर्व्हिस सेंटरवाल्यावर चिडून उपयोग नाही.

मॅन्युअल गाडी असेल तर सिग्नलला क्लच दाबून धरा, इंजिन बंद पडत नाही. ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याचदा ब्रेक हलका ठेवला तरी भागतं. बॉनेटच्या स्विचचा कनेक्टर काढायचा जुगाड तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. गाडीला बॉनेट उघडंच वाटतं आणि स्टार्ट-स्टॉप गप्प बसतं. पण मग बॉनेट खरंच नीट लागलं नसेल तेव्हा कळणार कसं? वॉरंटीचा वाद वेगळाच. नका करू.

लेन असिस्टच्या सेटिंगमध्ये आवाजाऐवजी स्टीअरिंगचं कंपन निवडता येतंय का बघा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

माझा खरा राग मात्र स्क्रीनवर आहे, कारण तिला गाडी घेतल्यावर काही इलाज नाही. काचेवर वाफ धरलीय, आणि डिफॉगर कुठल्या तरी मेनूच्या पोटात. गोल नॉब हाताला न बघता सापडतो. सपाट काचेवर बोट नेमकं टेकवायला नजर वळवावीच लागते. स्वीडनच्या 'वी बिलेगारे' मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किलोमीटर वेगाने अशी चार साधी कामं करून पाहिली. बटणंवाल्या 2005 च्या व्हॉल्वोत ती 10 सेकंदांत उरकली, सर्वांत वाईट स्क्रीनवाल्या गाडीत जवळपास 45 सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून पुढे गेलेली. ड्रायव्हरना आधी सरावाला वेळही दिला होता! गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएससाठी (तातडीची मदत बोलावण्यासाठी) खरी बटणं नसली तर गुण कापायचं ठरवलं, ते उगाच नाही. एसी त्या यादीत नाही, हे दुर्दैव.

सगळंच फालतू आहे असं नाही. रिव्हर्स कॅमेरा आणि टायरमधली हवा सांगणारा सेन्सर मी आनंदाने घेईन. हातवाऱ्यांनी आवाज वाढवायची सोय मात्र हात हलवत बोलणाऱ्या माणसाच्या गाडीत कुणी देऊ नये.

घरातल्या दुसऱ्या कुणासाठी गाडी बघणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला सनरूफचं कौतुक नंतर ऐका. आधी गाडी उभी करून, डोळे समोर ठेवून फॅन, तापमान आणि मागच्या काचेचा डिफॉगर हाताला लागतो का, ते बघा.