भगवा आणि केशरी: पळसाचा रंग कोणता?

प्रश्न असा आहे: स्वराज्याचा झेंडा भगवा, तिरंग्याचा वरचा पट्टा केशरी, मग शिमग्याला पळसफुलं उकळून निघतो तो रंग कोणता? आणि भगव्याचा 'भगवाना'शी काही संबंध आहे का?

आहे, आणि जवळचा. केशरी हा शब्द केशरावरून, म्हणजे वस्तूवरून आला. भगवा मात्र माणसावरून. 'भगवत्' म्हणजे पूज्य. पालीत त्याचं प्रथमेचं रूप 'भगवा' असंच होतं. विदर्भात गावोगावच्या विहारांत म्हटल्या जाणाऱ्या 'नमो तस्स भगवतो'मधला 'भगवतो' याच शब्दाचा. पूज्य तो संन्यासी, मग त्याचं वस्त्र, मग त्या वस्त्राचा रंग, असा अर्थ सरकत गेला.

ते वस्त्र रंगवायचे गेरूत. पोळ्याला बैलाच्या अंगावर ठिपके उठवतात तोच गेरू. त्यामुळे जुना भगवा विटकरीकडे झुकणारा. आज बाजारात त्या नावानं मिळणारं झगझगीत नारिंगी कापड त्याच्यापासून बरंच दूर आहे. गेरू ही लोहयुक्त माती. ती पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर नुसती बसते. म्हणून धुताना सुटते, पण उन्हानं उडत नाही.

पळसाचं नेमकं उलटं. रंग पाण्यात उतरतो, उन्हात मात्र लवकर फिका पडतो. सावलीत वाळवलेली फुलं रात्रभर भिजवावीत, सकाळी तासभर मंद उकळून गाळावीत. सुती कापडाची खळ आधी धुऊन काढावी, नाहीतर डाग-डाग उठतात. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅमच्या आसपास तुरटी पाण्यात विरघळवून त्यात कापड आधी भिजवून घ्यावं. तुरटीनं पिवळा येतो. गाळलेल्या रंगात चिमूटभर चुना पडला की नारिंगीकडे वळतो. लोखंडी कढई नको, रंग काळपट होतो.

तेव्हा पळसाच्या रंगाला केशरी म्हणावं. भगवा म्हणणं ओढूनताणून होईल.

जाता जाता व्याकरण: भगवा लिंगाप्रमाणे बदलतो (भगवा झेंडा, भगवी पताका, भगवं निशाण), केशरी बदलत नाही. लग्नपत्रिकांत 'भगवा पताका' छापलेलं दिसतं, ते चूक.