स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मग पुरुषांचा डॉक्टर कोण?

प्रश्न असा आला: स्त्रीरोगतज्ज्ञाच्या जोडीला पुरुषांच्या प्रजननाच्या तक्रारी पाहणाऱ्या डॉक्टरला मराठीत काय म्हणावं? ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ चालेल का?

नकोच. ‘गुप्तरोग’ हा शब्द लैंगिक संसर्गाच्या आजारांसाठी रुळला, आणि त्यातला ‘गुप्त’ आधीच संकोचलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतो. ‘मूत्ररोगतज्ज्ञ’ म्हणजे यूरोलॉजिस्ट; त्याच्याकडे मुतखड्याचे रुग्ण येतात, स्त्रियाही येतात. पुरुषाचं वीर्य, वृषणं, संप्रेरकं, लैंगिक क्षमता हा ज्याचा खास विषय, तो अँड्रॉलॉजिस्ट. पुष्कळदा तो मूळचा यूरोलॉजिस्टच असतो, म्हणून गल्लत होते.

ग्रीक ‘अँड्रॉस’ म्हणजे ‘पुरुषाचा’. त्याचं मूळ रूप ‘अनेर’, आणि ते आपल्या ‘नृ’, ‘नर’ यांचं सख्खं भावंड. (गायनेकॉलॉजीतला ‘गिने’सुद्धा वेदांतल्या ‘ग्ना’, ‘जनि’ यांच्याच कुळातला.) त्या न्यायाने ‘नररोगतज्ज्ञ’ करता येईल, पण मराठी कानाला ‘नर’ म्हटलं की लगेच ‘मादी’ आठवते. मी ‘पुरुषप्रजननतज्ज्ञ’ लिहितो. लांब आहे, पण अर्थ स्वच्छ आहे. बोलताना खुशाल अँड्रॉलॉजिस्ट म्हणावं.

खरी अडचण मला पुढे दिसते. मूल न होणाऱ्या बाईला ‘वांझ’ म्हणून हिणवायला भाषा तयार असते. पुरुषासाठी तसा रोजचा शब्दच नाही. मग ‘नपुंसक’ वापरला जातो, आणि तो साफ चुकतो. एका अनुवादात मी वाचलं, ‘तपासणीत पती नपुंसक निघाला.’ मूळ मजकुरात फक्त एवढंच होतं की वीर्यात शुक्राणू आढळले नाहीत. अशा पुरुषाचं लैंगिक जीवन अगदी सुरळीत असू शकतं. शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद असेल, तर वृषणात ते तयारही होत असतात. उलट, ताठरतेची अडचण असलेल्याचे शुक्राणू उत्तम असू शकतात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबून आपण माणसाला नाहक दुखावतो. पहिल्या अवस्थेला ‘पुरुष-वंध्यत्व’ म्हणा. ‘वंध्य’ हे विशेषण संस्कृतात तिन्ही लिंगी चालतं, तेव्हा ‘वंध्य पुरुष’ व्याकरणालाही मान्य आहे. दुसरीला ‘ताठरतेची समस्या’ म्हणा. ‘षंढ’ आणि ‘नामर्द’ या शिव्या आहेत, निदान नव्हेत.

आणि हो, प्रश्नात ‘तज्ञ’ लिहिलं होतं. तत् + ज्ञ, म्हणून ‘तज्ज्ञ’.