घटनात्मक कायदा डोक्यात शिरत नाही. सगळी कलमं पाठ करावीत का?

नको. कलमं घोकून हा विषय येत नाही. मी ग्वाल्हेरला वकिली करते, शिकलेही इथेच. ज्युनियर म्हणून येणाऱ्या मुलांना १४, १९, २१, ३२ तोंडपाठ असतात, पण एखाद्या खटल्यात सरकारचं म्हणणं काय होतं असं विचारलं की गप्प होतात. हरलेली बाजू कुणी वाचलेलीच नसते.

तुम्ही लिहिलंय की सर नोट्स उतरवून देतात, पेपर निघून जातो, पण या सगळ्याचा आपल्या घरादाराशी काय संबंध ते कळत नाही. हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण आमच्या घरी या विषयावरून पंगतीत भांडणं झाली आहेत.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. पणजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे संस्थान जाऊन इतकी वर्षं झाली तरी घरात महाराजांबद्दल वावगा शब्द चालत नाही. मी लॉच्या पहिल्या वर्षाला असताना गौरीजेवणाच्या दिवशी काका (एजी ऑफिसातून रिटायर झालेले, आवाज मोठा) भर पंगतीत म्हणाले, "तनख्यांच्या खटल्यात आपले महाराज सुप्रीम कोर्टात जिंकले. वर्षभरात सरकारनं घटनाच बदलली. मग काय अर्थ तुझ्या त्या घटनेला? पोरी, बी.एड. कर." (तनखा म्हणजे संस्थानं भारतात विलीन झाल्यावर संस्थानिकांना सरकारकडून दरसाल मिळणारी रक्कम.) सगळ्यांनी माना डोलावल्या. वाढायला उठलेल्या आत्यासुद्धा म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वर्गात आम्हाला तो खटला एका ओळीत संपवून दिला होता: तनखा ही मालमत्ता, सबब कलम ३२ खाली (मूलभूत हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टात) याचिका चालते. माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार. आमच्या गावच्या माणसाच्या नावाचा खटला, आमच्याच गावातल्या वर्गात, आणि त्याला एक ओळ!

पुढच्या आठवड्यात ओळखीच्या एका वकिलांच्या चेंबरमध्ये जाऊन तो रिपोर्टचा खंड मागितला. पाठीचं कापड सुटलेलं, पानं पिवळी. आधी कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, पण फक्त बहुमताच्या निकालावर. न्या. रे यांच्या विरोधी मताची पानं कोरी करकरीत. मी तिथूनच वाचायला घेतलं, आणि मला हा विषय तिथे कळला.

आता प्रकरण काय होतं ते बघा. तनखे बंद करायचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास झालं आणि ५ सप्टेंबर १९७० ला राज्यसभेत पडलं. बाजूने १४९, विरोधात ७५. दोन तृतीयांशाला एक मतसुद्धा नाही, मताचा तिसरा हिस्सा कमी पडला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशानं देशातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढून घेतली गेली. आधार कुठला? कलम ३६६ (२२). म्हणजे घटनेच्या पार शेवटाकडचं व्याख्यांचं कलम, जे पाठांतरवाले उघडूनही बघत नाहीत. त्यात लिहिलं होतं की राष्ट्रपतींनी ज्याला त्या वेळी मान्यता दिलेली आहे तो 'रूलर', म्हणजे संस्थानिक. सरकार म्हणालं, मान्यता देणारे आम्ही, काढून घेणारेही आम्ही. मान्यता गेली की तनखा आपोआप गेला. शिवाय कलम ३६३ प्रमाणे संस्थानांशी झालेल्या करारांचे वाद कोर्टात चालतच नाहीत.

हे म्हणणं फालतू नाही. न्या. रे यांनी ३६३ चा मुद्दा उचलून धरला, आणि तो वाचताना क्षणभर पटतोसुद्धा. तो पटल्यावर मग बहुमत वाचा. अकरा न्यायमूर्तींचं पीठ, सरन्यायाधीश हिदायतुल्ला, संस्थानिकांकडून वकील नानी पालखीवाला. १५ डिसेंबर १९७० ला आदेश रद्द झाला. एकेकाची मान्यता ठरवण्याचा अधिकार वापरून संस्थानिक ही घटनेतली अख्खी व्यवस्थाच पुसून टाकता येत नाही. तनखा कराराच्या नव्हे, कलम २९१ च्या जोरावर मिळतो, म्हणून ३६३ आड येत नाही. आणि इंग्रजांची सार्वभौम सत्ता काही राष्ट्रपतींकडे वारशानं आलेली नाही.

काकांना मी हे पुढच्या सणाला सांगितलं आणि आजही सांगते: तो निकाल महाराजांसाठी नव्हता. संसदेनं काल जे नाकारलं ते सरकारला आज एका सहीनं करता येतं का, एवढाच प्रश्न होता. माझं स्वतःचं मत विचाराल तर तनखे जायलाच हवे होते. जन्मावरून सरकारी तिजोरीतून पैसे मिळणं मला कधीच पटलं नाही, आणि हे मी घरात तोंडावर बोलले आहे. पण जायचे ते रीतसर जायला हवे होते. नंतर तसेच गेले. लोकसभा बरखास्त झाली, १९७१ ची निवडणूक झाली, मग डिसेंबर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत लागेल तेवढ्या बहुमतानं मंजूर झाली. २९१ (तनखे) आणि ३६२ (संस्थानिकांचे हक्क, मानमरातब) ही कलमं गेली, मान्यता आणि तनखे संपवणारं ३६३-अ आलं. काका म्हणतात "घटनाच बदलली" तेव्हा ते या सगळ्या खटाटोपाला शून्य किंमत देतात. मी देत नाही. लोकांकडे जाऊन मतं मागावी लागणं ही लहान गोष्ट नाही.

तर तुम्ही असा एक खटला धरा, शक्यतो आपल्या गावाशी नातं असलेला, आणि पूर्ण वाचा. इंदूरचे असाल तर शाहबानो तुमच्या शहरातलीच. आधी हरलेल्या बाजूचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत लिहून काढा, मग निकालाला हात लावा. जुने निकाल सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर फुकट मिळतात, चेंबर शोधत फिरायची गरज नाही. बेअर ॲक्ट, म्हणजे टीपांशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, मात्र शेजारी उघडा हवाच.

हां, एक आहे. सत्र परीक्षेला हे पुरणार नाही. तिथे कलमांचे आकडे लिहावेच लागतात, ते शेवटच्या पंधरवड्यात करा. आणि हा खटला ज्या मालमत्तेच्या हक्कावर उभा होता, ती १९ (१) (फ) आणि ३१ ही कलमं ४४ व्या घटनादुरुस्तीनं काढली. आता ३००-अ आहे, आणि तो मूलभूत हक्क नाही. उत्तरात जुनं कलम चालू असल्यासारखं लिहिलंत तर मार्क जातील. हिंदी माध्यमातून आलेल्यांना त्या वेळची इंग्रजी जड जाते, पहिला निकाल वाचायला महिना लागला तरी लागू द्या.

तनख्यांचं वाचून झालं की लगेच रघुनाथराव गणपतराव विरुद्ध भारत सरकार, १९९३, घ्या. त्यात २६ व्या घटनादुरुस्तीलाच आव्हान होतं, आणि सुप्रीम कोर्टानं ती वैध ठरवली. आदेश रद्द करणारंही तेच कोर्ट, दुरुस्ती राखणारंही तेच. कोर्ट राजेरजवाड्यांचं की सरकारचं, असा वाद तुमच्याही घरी निघाला तर हे दोन निकाल एकापुढे एक ठेवा. काकांना मी दुसऱ्याची प्रत काढून दिली आहे. ती त्यांनी अजून वाचलेली नाही.