तुमचे प्रश्न: वस्तू म्युझियममध्ये, पण विचारायचं कुणाला?

प्रश्न: मी म्युझिऑलॉजी शिकतेय. आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात की कॉन्झर्वेटरचं काम वस्तूची झीज थांबवणं. आणि आता वाचायला मिळतं की ज्या समाजाची वस्तू त्यांना विचारून काय ते ठरवा, काही ठिकाणी तर ते म्हणतात कुजू द्या! मग आमचं शिक्षण कशाला?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: कुजू द्या म्हणणारे लोक खरंच आहेत आणि त्यांचं नीट ऐकून घेतलं की पटतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधले झुनी हे तिथले मूळ रहिवासी, ते युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती कोरतात, अहायुदा म्हणतात त्यांना, आणि उघड्यावरच्या देवस्थानात ठेवतात, तिथे ऊनपाऊस खाऊन लाकूड हळूहळू मातीला मिळतं आणि ते मिळायलाच हवं अशी श्रद्धा आहे. अशा कितीतरी मूर्ती उचलून नेल्या गेल्या आणि म्युझियममध्ये पोचल्या. आता काचेच्या कपाटात, ठरलेल्या तापमानात ठेवलेली मूर्ती आपल्या हिशेबाने एकदम सुरक्षित, पण झुनींच्या हिशेबाने तिचं कामच बंद पाडलेलं. १९७८ पासून त्यांनी मागणी लावून धरली, १९८७ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या म्युझियमसंस्थेनेसुद्धा मूर्ती परत दिल्या. परत आलेल्या मूर्ती झुनींनी पुन्हा आभाळाखालीच ठेवल्या, फक्त चोरी होऊ नये म्हणून भोवती कडेकोट बंदोबस्त केला. म्हणजे जतन त्यांनीही केलंच की, चोरापासून केलं, पावसापासून नाही.

पण सगळेच काही कुजू द्या म्हणत नाहीत हो, बहुतेक वेळा मागणी साधी असते आणि तिथेच तुझं शिक्षण कामाला येतं. समजा कुणी सांगितलं की मुखवट्यासमोर मक्याचं पीठ ठेवायचंय. पीठ आलं की किडे आले, म्हणून नाही म्हणून टाकणं सोपं आहे, पण ते पीठ आधी फ्रीझरमध्ये ठेवून किडे-अंडी मारता येतात, मग वेगळ्या वाटीत ठेवायचं, ठरलेल्या दिवशी बदलायचं आणि आजूबाजूला किडे पकडायचे सापळे लावून नजर ठेवायची. कुणी म्हणालं वस्तूला श्वास घेता आला पाहिजे, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, तर धुतलेल्या सुती कापडाचं आवरण चालतं, धुळीपासून बचाव होतोच. कुणाला औषधी पानांचा धूर द्यायचाय, तर हवा खेळती असलेली खोली आणि फायर अलार्मवाल्यांशी आधीच बोलणं. यातलं एकही काम केमिस्ट्री आणि कीटकांची माहिती असल्याशिवाय होत नाही. उलट मी तर म्हणेन नुसतं नियमाप्रमाणे कपाट बंद करण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे.

प्रश्न: भावना समजू शकतो, पण तांत्रिक निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावेत ना? विचारून नवीन काय कळणार?
(एक निवृत्त इंजिनिअर)

उत्तर: इंग्लंडमधल्या क्लँडन पार्कमध्ये हिनेमिही नावाचं एक माओरी सभागृह होतं, त्याचं बघा. माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, त्यांच्यासाठी ती नुसती इमारत नाही, पूर्वज आहे. १८८६ मध्ये न्यूझीलंडमध्ये तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा लोकांनी तिच्या आसऱ्याला येऊन जीव वाचवला. १८९२ मध्ये तिथल्या गव्हर्नरने ती विकत घेऊन इंग्लंडला आणली. पुढे दुरुस्ती करताना छप्पर चक्क गवताने शाकारलं गेलं, कारण उद्रेकानंतरच्या जुन्या फोटोत छपरावर साचलेली राख दिसत होती आणि ती शाकारणी वाटली! करणारे लोक प्रामाणिकच होते, पण ज्यांचं घर त्यांना विचारायचं राहिलं. नंतर लंडनमधले माओरी, कोरीवकाम करणाऱ्यांचे वंशज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे कॉन्झर्वेशनवाले एकत्र बसायला लागले, तेव्हा चर्चा नुसती लाकूड कसं टिकवायचं एवढ्यावर न थांबता इथे लोक जमणार कसे, गाणी कुठे म्हणणार यावर गेली. छप्पर बरोबर की चूक हा तांत्रिकच प्रश्न होता ना? त्याचं उत्तर माहीत असलेली माणसं होती, बोलावलं नव्हतं इतकंच.

आणि आता हे सगळं मर्जीवरही राहिलेलं नाही. अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या वस्तू परत करण्याचा कायदा १९९० चा, त्याचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये लागू झाले, आता अशा पवित्र वस्तू मांडण्याआधी किंवा त्यांच्यावर संशोधन करण्याआधी त्या त्या जमातीची संमती लागते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने मूळ रहिवाशांच्या वस्तूंची दोन अख्खी दालनं बंद केली.

प्रश्न: जुन्या वस्तूंवर विष असतं असं ऐकलं, खरं का?
(एक आई, मुलांना म्युझियममध्ये नेते)

उत्तर: खरंय, पण कपाटाबाहेरून बघताना घाबरायचं कारण नाही. पिसं, केस, चामडं, लोकर यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी म्युझियमवाले आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं लावायचे आणि कशाला काय लावलं याची नोंद बऱ्याचदा ठेवायचेच नाहीत. ही वस्तू परत कुणी अंगावर घालेल असा विचारच नव्हता. मग वस्तू परत जायला लागल्या. अमेरिकेत ॲरिझोनातले मूळ रहिवासी होपी, त्यांच्याकडे परत आलेल्या पवित्र वस्तूंत आर्सेनिक सापडलं, आणि या वस्तू बघायच्या नसतात, विधीत तोंडावर चढवायच्या असतात, घाम येतो, श्वास आत जातो. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त त्रास देणारी गोष्ट हीच वाटते.

आता हातात धरायच्या एक्स-रे मशीनने आर्सेनिक, पारा, शिसं वस्तूला धक्का न लावता कळतं. डीडीटीसारखी कीटकनाशकं मात्र त्यात दिसत नाहीत, त्याला वेगळी टेस्ट लागते. बारीक फिल्टरच्या व्हॅक्युमने सुटी धूळ निघते, पण चामड्यात मुरलेलं विष पूर्ण निघत नाही, आणि हे स्पष्ट सांगणं हे कॉन्झर्वेटरचंच काम. रिपोर्ट नुसता फाईलला लावून उपयोग नाही, वस्तू घ्यायला आलेल्यांसोबत बसून कुठल्या भागावर किती सापडलं, ग्लोव्ह्ज कधी घालायचे, मुलांपासून लांब का ठेवायची हे त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. त्यानंतर ती वापरायची, तिच्यावरून नवीन बनवायची की नुसती जपून ठेवायची हे ते ठरवतात. आणि टेस्टसाठी छोटासा तुकडा काढायचा असेल तर तो काढायच्या आधी विचारायचं.